न दिपणारे तात्या

पारखीतात्या कुणाच्या घरी समोरच्या दारानं आले, असं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. एरवी घर सोयऱ्याचं असो की परक्याचं, ते आधी घराला वळसा घालायचे, गोठ्यात डोकवायचे, उकिरड्यापाशी घटकाभर उभे राहायचे आणि मग मागच्या दारातून थेट चुलीपाशी उगवायचे. आमची माय भाकरी थापत असायची. थोरला दीर असा अवचित पुढ्यात आला की तिची त्रेधा उडायची. पिठाच्या हातानं पदर ओढून ती भिंतीकडं तोंड करायची. ते पुढं ओसरीवर गेले की आम्हाला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणायची, "मागच्या दारानं दोघंच येतात बाई. एक चोर आन एक हे." एकदा आमच्या वडिलांनी, बापूंनी, भीत भीत ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. तात्या उलट खूश झाले. म्हणाले, "बराबर हाय. मालकापेक्षा घर चोराला जास्त कळतं."

मला हा माणूस आवडत नव्हता. आता माझ्याही गोवऱ्या मसणात गेल्या आहेत, तात्यांना जाऊन तर जमाना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी पुष्कळदा प्रयत्न केला, मला ते जमत नाही. खोटं कशाला बोलू?

तात्या म्हणजे बापूंचे चुलत भाऊ, त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे. राजूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. अंमल निजामाचा, शाळा उर्दू, आणि त्या शाळेत चार बुकं शिकलेले गावात दोघंतिघंच. तात्या त्यांतले एक. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. मग दुसऱ्यांचे बैल, दुसऱ्यांचं रान, दुसऱ्यांच्या पोरींची स्थळं पारखत हिंडायचं, हाच उद्योग. पंचक्रोशीत कुणाला काही घ्यायचं-द्यायचं असलं की आधी तात्यांना बोलावणं यायचं. त्यांची स्वतःची पोरगी असती तर त्यांनी एवढ्या ऐटीत पारख केली असती का, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

आमच्या घरात 'दिपणे' ही शिवी होती. दुसऱ्या घरांत लोक हा शब्द कौतुकानं वापरायचे. नवी सून बघून डोळे दिपले, बुवांचं कीर्तन ऐकून दिपून गेलो, असं. आमच्याकडं कुणाच्या तोंडून तो निसटला की मेलाच तो. आमचे धाकटे काका एकदा जालन्याला एका मारवाडी शेटजींकडच्या लग्नाला गेले होते. तिथं त्यांनी जन्मात पहिल्यांदा गॅसबत्ती पाहिली. गाडीतून उतरले ते बोलतच उतरले.

"तात्या, काय सांगू! दिवसावाणी उजेड पडल्ता. माझे तर डोळेच दिपले."

"किती बत्त्या होत्या?" तात्यांनी विचारलं.

"लई होत्या."

"लई म्हंजे किती?"

"मोजल्या न्हाईत."

"बरं. नवरदेव कसा होता? काळा का गोरा? सरळ चालत होता का लंगडत होता?"

काका डोकं खाजवायला लागले.

"मंग मांडवात तुला दिसलं काय?"

"उजेड दिसला की!"

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "दिपला लेकाचा! आरं, उजेड बघायला गेल्तास का लगीन बघायला? आंधळ्याला माहीत असतं, की आपल्याला दिसत न्हाई. तो काठीनं चाचपून चालतो. दिपलेल्याला वाटतं, की आपुन सगळं बघितलं. म्हून खड्ड्यात कोण पडतं? दिपलेला पडतो."

काका महिनाभर कुणाला तोंड दाखवेनात. आणि आम्ही पोरी मात्र चिंचेखाली खेळताना जिच्यावर डाव येईल तिच्याभोवती नाचून "दिपली गं दिपली" असं ओरडायला लागलो. त्यांचं म्हणणं खरंच होतं, मी कुठं नाही म्हणते? पण खरं बोलताना समोरच्याचं पाणी उतरवून टाकायचं, ही त्यांची हौस.

चमकणारी वस्तू पुढं आली की तात्या डोळे मिटून घ्यायचे. सात-आठ वर्षांची असताना मला राजूरच्या जत्रेत सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या भरल्या होत्या. अख्ख्या गावाला दाखवून झाल्यावर मी त्यांच्यापुढं हात धरला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. "आता न्हाई. आठ दिसांनी दाखव. चमक उतरू दे, मंग बघतो." आठ दिवसांत दोन फुटल्या, बाकीच्यांचे ठिपके गेले. तेव्हा स्वतः बोलावून म्हणाले, "हं, आता दाखव." एवढ्याशा पोरीच्या बांगड्या हो! त्या दिवसापासून मी मनात त्यांच्याशी कट्टी केली ती केलीच.

पण अक्कल होती. ती नाकारून चालणार नाही, कारण पुढचं सगळं त्या अकलेपायीच झालं. जालन्याच्या बैलबाजारात बापूंच्या मनात एक पांढराशुभ्र बैल भरला होता. शिंगांना तेल, अंगावर झूल, भोवती माणसांचा गराडा. तात्या त्या बैलाकडं पाठ करून खाली बसले, डोळे मिटले आणि विकणाऱ्याला म्हणाले, "चालव." त्यानं चालवला. "परत आण." त्यानं परत आणला. तात्या धोतर झटकत उठले. "तीन पाय टाकतो आन चौथा ठेवतो. डावा, मागचा. दुखणं जुनं हाय." विकणाऱ्याचं तोंड उतरलं. बापू हा किस्सा सांगताना दर वेळी तात्यांसारखे डोळे मिटून दाखवायचे.

खरा डंका वाजला तो उसन्या बैलांच्या गोष्टीनं. आमच्याकडं पोरीचं लग्न ठरवायचं तर मुलाचं घर बघायला जायची रीत. घर म्हणजे भिंती नव्हेत, दावणीला बैल किती ते. मग काही बिलंदर लोक त्या दिवसापुरते भावकीतले बैल आणून आपल्या दावणीला बांधायचे. गावातल्या एकाच्या पोरीसाठी तात्या असंच एक घर बघायला गेले. दावणीला बारा बैल. बरोबरचे लोक बघतच राहिले. तात्या मागं गेले, उकिरडा पाहिला, गोवऱ्यांची रास पाहिली आणि पुढं येऊन म्हणाले, "हे शेण चार बैलांचं हाय. बाकीचे आठ कुणाचे?" आठ बैल खरंच शेजाऱ्यांचे निघाले. परत येताना गाडीत तात्या जे वाक्य बोलले ते भोकरदनपासून जालन्यापर्यंत लोकांच्या तोंडी झालं: "बैल उसने आणता येतात, उकिरडा उसना आणता येत न्हाई."

वाक्य लाखाचं आहे. मीही माझ्या सुनांना ऐकवलं आहे. पण त्या वाक्यानंतर तात्यांना विचारणारं कुणी उरलं नाही. बापू तर त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. तात्यांनी डोळे मिटले की बापू श्वास धरून बसायचे.

माझी अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती पंधरा वर्षांची झाली त्या साली मार्गशीर्षात वाटूरकडचे पाहुणे राजूरच्या गणपतीला आले आणि लांबच्या नात्यानं आमच्याकडं उतरले. नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा. मुलगा सावळा, अंगानं किरकोळ, बोलणं बेतास बात. आमच्या विहिरीवरच्या मोटेचं चाक तेव्हा असं कुरकुरायचं की चार रानं पलीकडं ऐकू जायचं. सकाळी हा मुलगा विहिरीवर तोंड धुवायला गेला. कुणाला न विचारता त्यानं ते चाक उतरवलं, कणा घासला, एरंडेल पाजलं आणि चाक जागच्या जागी बसवून दिलं. अक्का न्याहारी घेऊन गेली तेव्हा तो हात पुसत होता. एवढीच काय ती दोघांची भेट, आणि तीही चार माणसांत.

पाहुणे गेल्यावर मी अक्काला चिडवलं, "काळा हाय गं!"

"असू दे," अक्का म्हणाली. "चाक वाजत न्हाई आता."

दिवसभरात तिनं हे तीनदा सांगितलं. अक्का दिपली नव्हती. त्या मुलात दिपण्यासारखं होतं काय? तिनं नीट पाहिलं होतं. तात्या जे जन्मभर दुसऱ्यांना शिकवत होते ते आमच्या अक्कानं एका सकाळीत केलं होतं. महिन्याभरात त्या लोकांचा निरोप आला, पोरगी पसंत आहे, घर बघायला या. अक्का त्या दिवशी विहिरीवर तीन खेपा जास्त घालून आली.

माघ सरता सरता बापू आणि तात्या बैलगाडीनं वाटूरला गेले. तिथं घडलं ते मला पुढं बापूंच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. दावणीला आठ बैल होते. बापू ओसरीवर टेकले, तात्या रीतीप्रमाणं मागं गेले. उकिरड्याचा खड्डा रिकामा. तळाला ढोपरभर शेण, बस्स. तात्या मिशीला पीळ देत पुढं आले आणि भरल्या ओसरीत म्हणाले, "बैल झकास हायत. धनी कवा येनार न्यायला?"

मुलाच्या वडिलांना आधी कळेना. मग तात्यांनी आपलं ते वाक्य ऐकवलं. बैल उसने आणता येतात, वगैरे. आतून मुलाची आई म्हणाली, "आवो, खत तर आपुन..." तिच्या नवऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं. "ऱ्हाऊ दे. आपल्या दारात येऊन जो आपल्याला लबाड म्हनतो, त्याला काय सांगायचं? पावन्यांनी पानी पिलं का? मंग उठा."

गाडी गावाबाहेर चौरस्त्यावर आली तर तो मुलगा धावत मागून आला. धापा टाकत म्हणाला, "मामा, रानात येऊन तर जावा. लांब न्हाई."

बापूंनी तात्यांकडं पाहिलं. "जाऊन येऊ का? कासराभर तर दिवस वर हाय."

"काय जरूर न्हाई," तात्या म्हणाले. "उकिरडा सगळं बोलला. हाण गाडी."

आणि बापूंनी गाडी हाणली. तात्यांवर माझा राग आहे तो आहे, पण बापूंवरही आहे. त्यांच्या हातात कासरा होता.

घरी आल्यावर तात्यांनी ओसरीवर बसून सगळी हकीकत रंगवून सांगितली. लोक हसले. अक्का दाराआड उभी होती. ती घागर घेऊन विहिरीवर गेली आणि फार वेळानं परत आली. दोन दिवसांनी नुसतं म्हणाली, "तो असा खोटं करनारा वाटत न्हाई गं." मी अकरा वर्षांची. मी काय बोलणार? आणि बोलले असते तरी तात्यांच्या वाक्यापुढं पोरीचं कोण ऐकतं?

पुढचं स्थळ तात्यांनी स्वतः शोधलं. भोकरदनकडचं गाव. घरामागं पुरुषभर उंच उकिरडा. तात्या म्हणे धोतर खोचून त्याच्यावर चढले आणि वरून ओरडले, "बापू, हे घर!" वैशाखात अक्काचं लग्न झालं. तात्या मांडवात मिरवत होते. येईल त्याला उकिरड्याची उंची हात वर करून दाखवत होते.

पंचमीला अक्का माहेरी आली. मी तिच्या डोक्याला तेल लावायला बसले तर टाळूवर लिंबाएवढी जागा गुळगुळीत लागली. केसच नाहीत.

"अक्का, हे काय गं?"

"पाटीखालची चुंबळ घसरते," ती म्हणाली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तो उकिरडा उंच होता, कारण तीन वर्षांत तो कुणी उचललाच नव्हता. बैल होते चारच. शेण काढून मागं फेकायचं, एवढंच त्या घरात व्हायचं. रानात न्यायला कुणाची कंबर हलत नव्हती. गाडीचं चाक मोडून पडलं होतं. नवरा देवळात सोंगट्या खेळत बसायचा. नवी सून आल्यावर सासू म्हणाली, गाडी कशाला पाहिजे, सून पाटीनं नेईल. आणि आमची अक्का लग्नाच्या हळदीनं पिवळी आणि पावसाआधीच्या उन्हानं करपलेली, तो तीन वर्षांचा डोंगर डोक्यावरून रानात वाहत होती. त्याच उकिरड्यावर उभं राहून आमचे पारखी ओरडले होते, हे घर!

मायनं पहिल्यांदाच दिराला तोंड दिलं. पदराआडून का होईना, म्हणाली, "पोरीचे केस गेले." तात्या म्हणाले, "घर चांगलंच हाय. पोरगी नाजूक हाय." हे त्यांचं उत्तर. मी त्या दिवशी त्यांच्या पानात मीठ वाढलं नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

चार वर्षं गेली. माझंही लग्नाचं वय झालं, आणि माझ्यासाठी घर बघायला अर्थात तात्याच जाणार होते. त्याच सुमाराला बापू परतूरला एका लग्नाला गेले. येताना बैलांना विसावा म्हणून वाटूरच्या चौरस्त्यावर थांबले. एका माणसानं त्यांना ओळखलं. तोच मुलगा. आता लग्न झालेला, कडेवर पोर. काही राग न धरता बापूंना रानात घेऊन गेला. विहीर बारमाही, दोन बिघे ऊस, गुऱ्हाळ चालू.

बापूंनी विचारलं, "आमी आल्तो तवा उकिरडा रिकामा कसा काय होता?"

तो म्हणाला, "मामा, ऊस माघात लावतो आमी. खत पौषातच रानात जातं. तुमी आल्ते तवा खड्डा नुकताच उपसल्ता. माय सांगत होती, आबांनी तिला गप केलं. लई ताठ मानूस. म्हून तर मी तुमाला रानात चला म्हनत होतो."

आमच्या भागात सगळी कोरडवाहू शेती. आम्ही खत वाहतो ते वैशाखात, पावसाच्या तोंडावर. माघात उकिरडा भरलेलाच असतो. दुसऱ्याच्या रानाला विहीर असू शकते, त्याचा हंगाम वेगळा असू शकतो, हे पंचक्रोशीतल्या सगळ्यात शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. चार पावलं चालून गेले असते तर डोळ्यांनी दिसलं असतं. पण ज्याला आधीच सगळं कळलंय, तो कशाला चालेल?

निघताना त्या मुलानं गुळाची ढेप दिली. बापूंनी ती घरी आणून ओसरीवर ठेवली आणि खांबाला टेकून बसले. कुणी तिला हात लावेना.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. मागच्या दारानंच. माझ्या स्थळाचं बोलायला आले होते. ओसरीवर ढेप दिसली तशी कळी खुलली. "कुठला गूळ हा?" त्यांनी खडा फोडला, बोटांनी चुरून पाहिला, तोंडात टाकला आणि सवयीनं डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाले, "काळ्या रानाचा हाय. ऊस वेळेवर लावलेला. आन खत भरपूर हाय, बापू. एवढं खत म्हंजे दावणीला सात-आठ बैल पायजेत. घर कुणाचं का असंना, भरलेलं हाय."

"वाटूरचा गूळ हाय," बापू म्हणाले. "उसन्या बैलांच्या घरचा."

तात्यांनी डोळे उघडले. बापूंनी विहीर, ऊस, पौषातलं खत, सगळं शांतपणे सांगितलं. तात्यांच्या तोंडात गूळ तसाच होता. गिळवेना आणि थुंकवेना.

मी पंधरा वर्षांची होते. घरातल्या पुरुषांपुढं बोलायची रीत नव्हती. पण अक्काची टाळू माझ्या बोटांना अजून लागत होती.

"तात्या," मी म्हटलं, "तुमी दिपला होता."

"मी? कशानं गं?"

"तुमच्याच अकलेनं. आन आमी समदे तुमच्यापायी दिपलो. अक्का तेवढी दिपली नव्हती, तर तिलाच तुमी उकिरड्यात घातलं."

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. माय मला गप्प करील असंही वाटलं, पण ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तात्या उठले. पायांत वहाणा न घालता निघून गेले. माझं स्थळ बघायला ते आले नाहीत. बापू एकटे गेले आणि माझं बरं झालं.

त्या वैशाखात तात्यांनी आपली बैलगाडी जुंपली आणि अक्काच्या गावाला जाऊन राहिले. दिवस उजाडल्यापासून उकिरडा उपसायचा, गाडी भरायची, रानात नेऊन रिकामी करायची. सोळा दिवस. त्या घरची मोडकी गाडीही त्यांनी सुताराकडून बांधून घेतली. पुढचे तीन वैशाख ते न बोलावता जात राहिले. अक्काच्या सासरचे लोक म्हणायचे, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आम्ही तर दिपून गेलो! बघा म्हणजे. सोंगट्या खेळणारा हात मात्र सोंगट्याच खेळत राहिला. आणि अक्काचे केस काही परत आले नाहीत. म्हणून मी त्यांना तेव्हाही माफ केलं नाही, आणि आज करायचं म्हटलं तरी मन धजत नाही.

निजामाचा अंमल संपला त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या साली मी बाळंतपणाला माहेरी होते. भर दुपारी समोरच्या दारात काठी वाजली. उंबऱ्यावर तात्या उभे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. मला वाटलं, हे इकडून कसे? त्यांनाच ते कळलं असावं.

"वळसा घालता येत न्हाई आता," ते म्हणाले. "दिसत न्हाई. कोन हाय, धाकटी का?"

"हं," मी म्हटलं.

"बरं झालं डोळे गेले. आपल्याला दिसत न्हाई हे माहीत तरी हाय. चाचपून चालतो." मग काठी उंबऱ्यावर टेकवली. "अक्काला सांग..."

मी वाट पाहिली. पुढचं वाक्य आलं नाही. ज्या माणसाला आयुष्यात कधी वाक्य कमी पडलं नाही, त्याला तेवढं एक सापडलं नाही. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. बसा म्हटलं नाही. पाणी पिऊन, काठीनं उंबरा चाचपत, ते आले तसे गेले. त्याच पावसाळ्यात वारले. निरोप आला तेव्हा मी बाळाला न्हाऊ घालत होते, ती न्हाऊ घालतच राहिले.

ते बाळ म्हणजे माझी मुलगी. तिच्यासाठी पहिलं घर बघायला आम्ही गेलो तेव्हा अक्का माझ्याबरोबर होती. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेली. टाळू झाकायची ती सवय तिची कायमची झाली होती. घर देखणं. दारात रांगोळी, ओसरीवर नव्या सतरंज्या, घरच्या बाई हसऱ्या, "या, या" म्हणत सामोऱ्या आलेल्या. मी हो हो म्हणत होते. आणि माझे पाय, मेले, आपसूक घराला वळसा घालून मागं गेले. उकिरड्यापाशी जाऊन मी उभी राहिले. भरलेला होता. मला एकदम स्वतःचाच असा संताप आला म्हणून सांगू!

घरच्या बाई मागोमाग आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "आवो, पावण्या बाया समोरून येतात. तुमाला ही तऱ्हा कुनी शिकवली?"

होता आमचा एक वैरी, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण अक्का माझ्याआधी बोलली.

"आमच्या तात्यांनी," अक्का म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या वाट्याचा, तिच्या वाट्याचा, सगळा राग इतकी वर्षं मीच सांभाळत होते की काय कोण जाणे. "खत शेवटी कवा वाहिलं?" एवढं मी त्या बाईंना विचारलं, आणि अक्काचा हात धरून रान बघायला निघाले.